घरच्या फोटोंची स्लाइडशो डीव्हीडी : प्रकल्प नोंदी

२ जून

घरातील जुने छापील फोटो आणि गेल्या काही वर्षांत कॅमेऱ्याने काढलेले फोटो एकत्र करून त्यांची संगीतासह चालणारी डीव्हीडी तयार करणे आणि तिच्या प्रती नातेवाइकांना देणे, हे काम आज हाती घेतले. असे काम मी प्रथमच करीत असल्यामुळे प्रत्येक टप्प्यावर काय ठरवले आणि का ठरवले, ते येथे लिहून ठेवणार आहे. ज्यांच्यासाठी ही डीव्हीडी करायची, त्या आत्या, मामा आणि इतर वडीलधाऱ्या मंडळींकडे टीव्ही आहे, त्याला जोडलेला डीव्हीडी प्लेअर आहे आणि रिमोटची बटणे त्यांच्या अंगवळणी पडलेली आहेत. मोबाइलवर आलेली लिंक उघडून एकेक फोटो सरकवत पाहणे त्यांना रुचत नाही. म्हणून प्रत्येक निर्णय त्यांच्या टीव्हीवर काय दिसेल, याचा विचार करूनच घ्यायचा.

पहिला निर्णय डिस्कच्या प्रकाराचा होता. कोऱ्या डिस्कवर फोटोंच्या फाइली जशाच्या तशा उतरवल्या, तर ती डेटा डिस्क होते. अनेक प्लेअर अशा डिस्कवरील जेपेग फोटो दाखवतात, पण कोणत्या क्रमाने, किती वेळ आणि संगीतासह की संगीताविना, हे त्या त्या प्लेअरवर अवलंबून राहते. डीव्हीडी-व्हिडिओ हा मात्र बारीकसारीक गोष्टींपर्यंत नेमून दिलेला साचा आहे. त्यात चित्र एमपेग-२ या दाबून साठवण्याच्या पद्धतीने साठवलेले असते, आवाज ४८ किलोहर्ट्झचा असतो आणि सर्व फाइली ‘व्हिडिओ_टीएस’ नावाच्या फोल्डरमध्ये ठरलेल्या नावांनी ठेवलेल्या असतात. हा साचा नीट पाळला की प्लेअर कोणत्याही कंपनीचा असो, डिस्क आत जाताच मेन्यू समोर येतो. त्यामुळे डीव्हीडी-व्हिडिओच करायची हे पक्के झाले.

५ जून

निवड करताना हात आखडता घेतला आणि २४० फोटोंवर थांबलो. एकाच प्रसंगाचे जवळजवळ सारखे दिसणारे फोटो ओळीने आले की पाहणाऱ्याचे लक्ष उडते. त्यापेक्षा एकच चांगला फोटो पुरेसा वेळ दाखवणे मला योग्य वाटते.

छापील फोटो ६०० डीपीआयने (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केले. केवळ डीव्हीडीचा विचार केला तर चार बाय सहा इंची फोटोला ३०० डीपीआय पुरेसे आहे, कारण त्यातून १२०० × १८०० पिक्सेल मिळतात आणि टीव्हीवर जाणारे चित्र त्याहून कितीतरी लहान असते. पण अल्बममधून फोटो सोडवून काढणे, काच पुसणे, धूळ झटकणे हे सारे पुन्हा करावे लागू नये, म्हणून मोठ्या आकाराचे स्कॅन एकदाच करून ठेवले.

सर्व निवडलेल्या फोटोंच्या प्रती एका स्वतंत्र फोल्डरमध्ये घेतल्या आणि पुढचे सर्व काम तेथेच करायचे ठरवले. यामागे एक महत्त्वाचे कारण आहे. स्लाइडशो करणाऱ्या प्रोग्रामची प्रोजेक्ट फाइल लहानशी असते, कारण तिच्यात साधारणपणे फोटो नसतात, तर फोटो कोठे ठेवले आहेत त्याचा केवळ पत्ता असतो. मूळ फोल्डर हलवला किंवा त्याचे नाव बदलले की प्रोग्रामला फोटो सापडत नाहीत. फाइलींना ००१, ००२ अशी शून्ये लावून नावे दिली, कारण अक्षरांच्या क्रमाने लावणी करणारे प्रोग्राम शून्ये नसतील तर १० हा आकडा २ च्या आधी घेतात.

फोन किंवा कॅमेरा उभा धरला होता की आडवा, याची खूण फाइलमध्ये चित्रापासून वेगळी नोंदवलेली असते. काही प्रोग्राम ती वाचून फोटो सरळ करतात, काही वाचत नाहीत आणि माणसे आडवी झोपलेली दिसतात. म्हणून सर्व उभे फोटो संपादकात उघडून प्रत्यक्ष फिरवले आणि नव्याने साठवले. दोन कॅमेऱ्यांनी काढलेल्या फोटोंची लावणी वेळेनुसार करताना दोन्ही घड्याळांतील फरक आधी पाहून घेतला. दोन्ही कॅमेऱ्यांत आलेला एखादा ठळक क्षण सापडला की हा फरक लगेच कळतो.

९ जून

आजचा दिवस आकारांच्या हिशोबात गेला आणि तो सार्थकी लागला असे वाटते. पाल या आपल्याकडील टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्र ७२० × ५७६ पिक्सेलचे असते, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार पिक्सेल. १२ मेगापिक्सेलच्या फोटोतील एकोणतिसाव्या हिश्श्याइतकेच पिक्सेल टीव्हीपर्यंत पोहोचतात. संगणकावर जो समूहफोटो स्वच्छ दिसतो, त्यातील मागच्या रांगेतील चेहरे डीव्हीडीवर ओळखूही येत नाहीत. यावर उपाय फोटो बसवण्याच्या पद्धतीत आहे. मोठ्या समूहफोटोंसाठी आधी पूर्ण फोटो आणि त्यानंतर त्याच फोटोचे दोन-तीन कापलेले भाग, असा क्रम ठेवला, म्हणजे प्रत्येकाचा चेहरा एकदा तरी मोठा दिसेल. अशा कापलेल्या भागांना जागा मिळावी म्हणून काही इतर फोटो वगळले आणि संख्या २४० च राखली.

डीव्हीडीचे पिक्सेल चौरस नसतात, ही गोष्ट नवख्या माणसाला गोंधळात टाकते. त्याच ७२० × ५७६ पिक्सेलमध्ये ४:३ चे चित्रही बसते आणि १६:९ चेही. चित्र कोणत्या प्रमाणात ताणून दाखवायचे, ते प्लेअर डिस्कवरील खुणेवरून ठरवतो. मी १६:९ निवडले. मग चौरस पिक्सेलच्या हिशोबाने पडदा १०२४ × ५७६ एवढा होतो. फोटो त्याच्या दुपटीने, म्हणजे २०४८ × ११५२ या आकारात तयार केले, कारण काही फोटोंवर हळूहळू जवळ जाणारी हालचाल द्यायची आहे आणि नेमक्या आकाराचा फोटो मोठा केला की तो धूसर होतो. उभ्या फोटोंच्या दोन्ही बाजूंना काळी जागा राहिली, ती तशीच ठेवली. त्या जागेत त्याच फोटोची धूसर, मोठी केलेली प्रत भरण्याची पद्धत आहे, पण तिने नजर मूळ फोटोवरून हलते.

१२ जून

प्रत्येक फोटो सहा सेकंद आणि दोन फोटोंमध्ये एक सेकंदाचे विरत जाणारे संक्रमण, असे प्रमाण ठेवले. संक्रमणाचा एक सेकंद दोन्ही फोटोंना सामाईक असल्यामुळे प्रत्येक फोटोमागे प्रत्यक्षात पाच सेकंद वाढतात. २४० फोटोंचे १२०० सेकंद, म्हणजे २० मिनिटे. प्रोग्राममध्ये पान उलटण्यापासून चित्राचे तुकडे होण्यापर्यंत अनेक प्रकारची संक्रमणे दिली होती. मी एकच वापरले.

संगीत भावाने स्वतः वाजवून ध्वनिमुद्रित केलेल्या बासरीचे आहे. प्रती वाटायच्या असल्याने दुसऱ्या कोणाच्या हक्काचे संगीत त्यात नसावे, हा विचार तर होताच. शिवाय आत्याला तो वाजवतो हे ठाऊक आहे आणि ऐकताना ती ओळखेल. ध्वनिमुद्रण ४४.१ किलोहर्ट्झचे होते, ते चित्राशी जोडण्यापूर्वीच ४८ वर नेले. तिन्ही तुकड्यांचा आवाज एका पातळीवर आणला, कारण मधेच रिमोट शोधून आवाज कमी करावा लागला तर पाहण्यातली शांतता मोडते.

१६ जून

शीर्षके आणि मेन्यूतील मजकूर मराठीत हवा होता आणि येथे बराच वेळ द्यावा लागला. मेन्यू तयार करणाऱ्या सर्वच प्रोग्रामांना देवनागरीची जुळणी येत नाही. ज्यांना ती येत नाही, त्यांत ‘किल्ला’ असे टाइप केले की वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाऊन बसते आणि ‘ल्ल’ फुटून एक पाय मोडलेला ‘ल’ आणि एक पूर्ण ‘ल’ असे सुटे उभे राहतात. यावर खात्रीचा मार्ग असा की, मजकूर प्रोग्राममध्ये टाइपच करायचा नाही. देवनागरी नीट जुळवणाऱ्या चित्रसंपादकात पूर्ण शीर्षक लिहून ते चित्र म्हणून साठवायचे आणि मेन्यूची पार्श्वभूमी म्हणून तेच वापरायचे. मग अक्षरे हा चित्राचाच भाग होतो आणि ती कोणत्याही प्लेअरवर मोडत नाहीत. निवडलेले बटण दाखवणाऱ्या खुणेसाठी डीव्हीडीत पार्श्वभूमीसह चारच रंग उपलब्ध असतात, म्हणून खूण साधी ठेवली: बटणाच्या डावीकडे एक भरीव पिवळा गोल.

मजकूर कोठे ठेवायचा, यालाही नियम आहे. जुने टीव्ही चित्राच्या कडा चौकटीमागे लपवतात. चित्रातील महत्त्वाचा भाग मधल्या ९० टक्क्यांत आणि मजकूर मधल्या ८० टक्क्यांत ठेवावा, असा टीव्हीच्या कामातील जुना संकेत आहे. तो पाळला म्हणजे ७२० × ५७६ च्या चौकटीत अक्षरांसाठी साधारण ५७६ × ४६० एवढीच जागा उरते. संगणकावर अशी शीर्षके जरा मध्येच अडकल्यासारखी दिसतात, टीव्हीवर ती योग्य जागी येतात.

रंगांचाही विचार केला. डीव्हीडीवर उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची असते, पण रंगाची माहिती चार पिक्सेलमागे एकदाच साठवली जाते. त्यामुळे काळ्यावर लाल अक्षरे लिहिली की त्यांच्या कडा पसरतात. फिकट पिवळट पांढरी अक्षरे आणि गडद करडी पार्श्वभूमी, ही जोडी सर्वांत स्वच्छ दिसली. अक्षरांच्या शिरोरेषा मुद्दाम जाड घेतल्या. डीव्हीडीचे चित्र अनेकदा दोन अर्ध्यांत रंगवले जाते, आधी विषम ओळी आणि मग सम ओळी. एका पिक्सेलची आडवी रेघ त्यांपैकी एकाच अर्ध्यात येते आणि थरथरते. बारीक शिरोरेषा हे याचे अगदी नेमके उदाहरण आहे. विटांची भिंत आणि रेघांचे शर्ट असलेल्या फोटोंवर जवळ जाणारी हालचाल दिली तेव्हाही तीच थरथर दिसली. अशा फोटोंना उभ्या दिशेने अगदी हलकी धूसरता दिली आणि काहींवरील हालचाल काढूनच टाकली.

२० जून

संपादनाच्या प्रोग्राममधून २० मिनिटांची फिल्म एमपेग-२ मध्ये काढली आणि मेन्यूची जुळणी डीव्हीडीस्टाइलर या मोफत प्रोग्राममध्ये केली. बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती माहिती वापरायची, ते ठरवण्यापूर्वी जागेचा हिशोब मांडला. एका थराच्या डिस्कवर ४.७ जीबी असे छापलेले असते. ते ४७० कोटी बाइट असतात आणि विंडोजमध्ये तीच जागा सुमारे ४.३८ जीबी दिसते, त्यामुळे काही कमी पडले आहे असे समजू नये. डीव्हीडी-व्हिडिओत चित्राला सेकंदाला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट वापरता येतात. मी ७ घेतले. घरी लिहिलेली डिस्क कमाल मर्यादेच्या जवळ नेली की जुने प्लेअर अडखळण्याचा संभव वाढतो आणि स्थिर फोटोंना ७ मेगाबिट भरपूर होतात. जागा मोकळी असल्याने आवाज न दाबता पीसीएम स्वरूपात ठेवला. त्याचे आणखी दीड मेगाबिट धरले तरी २० मिनिटांना १.३ जीबीपेक्षा कमीच जागा लागते.

उरलेल्या जागेत मूळ फोटो ठेवायचे, हा या प्रकल्पातील मला सर्वांत आवडलेला निर्णय आहे. ‘व्हिडिओ_टीएस’ फोल्डरच्या शेजारी दुसरा फोल्डर ठेवला तर टीव्हीजवळचा प्लेअर त्याकडे दुर्लक्ष करतो, पण डिस्क संगणकात घातली की पूर्ण आकाराचे फोटो हाती येतात आणि कोणालाही त्यांतून छापील प्रत काढता येते. त्या फोल्डरमधील नावे रोमन लिपीत आणि छोटी ठेवली.

मेन्यूत चार बटणे आहेत: सर्व पाहा आणि तीन विभाग. एका शीर्षकात, म्हणजे डिस्कवरील एका सलग फिल्ममध्ये, जास्तीत जास्त ९९ प्रकरणे (रिमोटने उडी मारून पोहोचण्याच्या जागा) ठेवता येतात, म्हणून प्रत्येक फोटोला प्रकरण देणे शक्य नव्हते. दर वीस फोटोंनंतर एक दिले. प्रकरणाची खूण संक्रमणाच्या मधोमध न ठेवता फोटो पूर्ण उमटल्यानंतर ठेवली. ही खूण एमपेगच्या चित्रगटाच्या, म्हणजे एकत्र दाबलेल्या चित्रांच्या संचाच्या, सुरुवातीलाच बसते आणि पालमध्ये असा गट १५ चित्रांपर्यंतचा, म्हणजे ०.६ सेकंदाचा असतो. तेवढे मागेपुढे झाले तरी रिमोटने उडी मारणाऱ्याला अर्धवट फोटो दिसत नाही. फिल्म संपल्यावर मेन्यूवर परत जाण्याची सूचनाही दिली. ती नसेल तर काही प्लेअर काळा पडदा दाखवून थांबतात आणि पाहणाऱ्याला काहीतरी बिघडले असे वाटते.

२३ जून

डिस्क लिहिण्यापूर्वी तयार झालेला फोल्डर व्हीएलसी या संगणकावरील प्लेअर प्रोग्राममध्ये उघडून प्रत्येक बटण बाणांच्या कळांनी तपासले. माउसने तपासणे पुरेसे नाही, कारण टीव्हीसमोर माउस नसतो. खाली बाण दाबला की खूण पुढच्याच बटणावर जाते का, हे पाहावे लागते.

त्यानंतर पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्कवर चाचणी घेतली. आरडब्ल्यू डिस्क एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कपेक्षा लेसरचा प्रकाश बराच कमी परतवते, म्हणून एखाद्या जुन्या प्लेअरने ती नाकारली तरी आपली मांडणी चुकली असे लगेच मानू नये. शेजारच्या घरातील जुन्या प्लेअरने ती वाचलीच नाही. तीच मांडणी साध्या, एकदाच लिहिता येणाऱ्या डीव्हीडी-आर डिस्कवर लिहिल्यावर त्याच प्लेअरने पहिल्या दमात मेन्यू दाखवला.

२६ जून

आज अंतिम इमेज तयार केली. ‘व्हिडिओ_टीएस’ आणि मूळ फोटोंचा फोल्डर इमग्बर्न या प्रोग्रामला देऊन त्यातून एकच आयएसओ फाइल काढली. सुमारे २.३ जीबीची ही फाइल म्हणजे संपूर्ण डिस्कचे अक्षरशः प्रतिरूप आहे: फाइली, त्यांचा क्रम, त्यांच्या जागा, सारे काही. माझ्या मते या प्रकल्पाचे खरे फलित ही फाइलच आहे आणि प्रत्येक डिस्क हा तिचा एक छाप आहे. म्हणून ती लगेच एका बाह्य हार्ड डिस्कवरही उतरवली आणि तिचा एसएचए-२५६ आकडा (फाइल जराही बदलली की बदलणारी ओळखखूण) शेजारी मजकूर फाइलमध्ये लिहून ठेवला.

लिहिताना १६ एक्स क्षमतेच्या डिस्कला ८ एक्स वेग दिला. १ एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे १.३८५ एमबी, त्यामुळे ८ एक्सला ११ एमबी; एवढी इमेज चार-पाच मिनिटांत लिहून होते. डिस्क एका सलग फेरीत लिहून बंद करण्याचा पर्याय निवडला. बंद न केलेली डिस्क संगणकात दिसते, पण टीव्हीजवळचे अनेक प्लेअर ती ओळखत नाहीत. लिहिल्यानंतर पडताळणी चालू ठेवली. तीत लिहिलेला भाग पुन्हा वाचून इमेजशी ताडून पाहिला जातो. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि बाहेरची कड हाताळणीत सर्वाधिक खराब होते, त्यामुळे निम्मी रिकामी राहिलेली डिस्क मला अधिक निर्धास्त वाटते.

२९ जून

सर्व प्रती त्याच आयएसओ फाइलमधून काढल्या. एक ड्राइव्ह असला तरी पुरतो; डिस्क बदलायची आणि तीच फाइल पुन्हा लिहायची.

पहिली डिस्क उघडून तिच्यातील फाइली नव्या डेटा डिस्कवर ओढून टाकणे ही सुचणारी सोपी वाट आहे, पण ती टाळावी. ‘व्हिडिओ_टीएस’मध्ये आयएफओ नावाच्या फाइलींत मेन्यू आणि प्रकरणांची दिशा दिलेली असते, बीयूपी ही त्यांची राखीव प्रत असते आणि व्हीओबी फाइलींत चित्र व आवाज असतो. त्यांचा डिस्कवरील क्रम ठरलेला आहे. शिवाय आयएफओ आणि तिची बीयूपी ३२ केबीच्या एकाच दुरुस्ती-गटात (चुका एकत्र दुरुस्त केल्या जाणाऱ्या तुकड्यात) येऊ नयेत अशी मांडणी अपेक्षित असते, कारण एका ओरखड्याने दोन्ही गेल्या तर राखीव प्रत ठेवण्याचा उपयोगच उरत नाही. साध्या डेटा डिस्कवर ही काळजी घेतली जाईल याची हमी नसते.

मामांना पुढे आणखी एक प्रत हवी झाली आणि त्यांच्याजवळ केवळ डिस्क असली, तरी अडचण नाही. डिस्कवरून इमेज वाचून काढायची आणि ती नव्या डिस्कवर लिहायची. आपल्या डिस्कला कोणतेही संरक्षण-कुलूप नाही, त्यामुळे साधे प्रोग्राम हे करतात. व्हिडिओ कॅसेटच्या प्रतीची प्रत फिकी होत जायची, तसे येथे होत नाही, मात्र वाचताना एकही चूक आलेली नसावी. चूक आली तर डिस्क पुसून किंवा दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पुन्हा वाचावी. चूक दुर्लक्षून पुढे जाण्याचा पर्याय दिला जातो, तो घेऊ नये.

परदेशी जाणारी प्रत वेगळी करावी लागली. अमेरिका, कॅनडा आणि जपान येथे एनटीएससी पद्धत रूढ होती. तेथील प्लेअर पाल डिस्क घेतीलच असे नाही, उलट पाल प्रदेशातील बहुतेक प्लेअर एनटीएससी दाखवतात. पाल फिल्मचे रूपांतर न करता मूळ प्रोजेक्टमधूनच ७२० × ४८० आणि सेकंदाला २९.९७ चित्रे अशी नवी फिल्म काढली, कारण रूपांतरात हालचाल अडखळते. प्रदेश-निर्बंध, म्हणजे डिस्क ठरावीक देशांतील प्लेअरवरच चालावी अशी खूण, दोन्ही डिस्कवर मोकळा ठेवला.

३ जुलै

डिस्कवर नावे पाण्याच्या शाईच्या मऊ टोकाच्या पेनने लिहिली. कागदी चिकटपट्टी लावली नाही. ती एका बाजूला सरकली की वेगाने फिरणारी डिस्क डगमगते आणि गरम प्लेअरमध्ये तिची कड सुटू शकते. प्रत्येक प्रतीसोबत एक चिठ्ठी ठेवली: डिस्क कडेला धरावी, पुसताना मधून बाहेर सरळ पुसावी, गोल गोल पुसू नये, उन्हात ठेवू नये. लिहिता येणाऱ्या डिस्कमध्ये माहिती रंगद्रव्याच्या थरावर उमटलेली असते आणि प्रखर प्रकाश व उष्णता तो थर हळूहळू खराब करतात. गोल पुसताना पडणारा ओरखडा माहितीच्या रेघेच्या दिशेनेच जातो आणि एकाच जागची सलग माहिती नेतो. आडव्या ओरखड्यातून प्लेअरची चूक-दुरुस्ती बहुधा निभावून नेते.

इमेज फाइली, प्रोजेक्टचा फोल्डर, स्कॅन आणि बासरीचे मूळ ध्वनिमुद्रण आता दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर आहेत. स्वतःजवळ ठेवलेली प्रत दरवर्षी एकदा पूर्ण वाचून इमेजशी ताडून पाहायची; ती अडखळू लागली की वाटलेल्या प्रतीही त्याच सुमारास बदलून द्यायच्या. कोणाला कोणत्या पद्धतीची प्रत दिली, याची यादी त्याच फोल्डरमध्ये ठेवली आहे.